अक्काला उजळवण्याचे पंधरा दिवस

त्या उन्हाळ्यात पंधरा दिवस आमच्या घरातली साय कुणाच्या पोटात गेली नाही. ती मालनअक्काच्या तोंडावर गेली. सायीच्या मागोमाग हरभऱ्याचं पीठ गेलं, मसुरीची डाळ गेली, दही, मध, लिंबं, चिंच आणि डब्यातली बहुतेक सगळी हळद गेली. आम्ही बाकीचे भाकरी, ठेचा आणि पातळ ताक यांवर दिवस काढत होतो. तक्रार केली की सोनाआत्या म्हणायची, बहिणीचं भलं व्हायलंय आणि तुला सायीचं पडलंय. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला सायीचंच पडलं होतं. आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हाही वाटतं, त्या घरात त्या पंधरा दिवसांत शहाणपणाची मागणी तेवढी एकच होती.

आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. वर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि गच्ची. खाली रजियाखाला आणि त्यांचे शिवणकाम करणारे यजमान. दिवसभर खालून मशीनचा खडखडाट वर यायचा आणि वरून पाट्यावरवंट्याचा घर्रघर्र आवाज खाली जायचा. शेती गावाकडं, पिशोरला होती, तिथून ज्वारी आणि डाळी यायच्या. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली, आणि दादा पोरांच्या पाटीवर बाराखडी गिरवून पुन्हा नव्यानं कारकून झाले. ज्या माणसाला भर संसारात अक्षरं नव्यानं शिकावी लागली, त्याला शिक्षणाची किंमत कळत असेल असं कुणालाही वाटेल. त्यांना कळत होतीही. फक्त ती मुलींच्या शिक्षणाला लावायची असते, हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

अक्का मॅट्रिक झाली होती, चांगल्या गुणांनी. तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. फॉर्म आणून तिनं तो पेटीत, साड्यांच्या खाली ठेवला होता. त्यावर पालकाची सही लागत होती. दादांनी सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कचेरीत कागद जसा पडू देतात तसा तो त्यांनी पडू दिला. तेवढ्यात लासूर स्टेशनहून सोनाआत्या स्थळ घेऊन आली. मुलाच्या वडिलांचं बाजारात धान्याचं आडत दुकान, घरचा टांगा, एकुलता मुलगा. दादांनी मग अक्काशी करार केला. आत्या सांगेल ते पंधरा दिवस निमूट करायचं, कुरकुर नाही, आडमुठेपणा नाही, आणि आलेल्या माणसांसमोर काही मुद्दाम बिघडवायचं नाही. एवढं करून त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही. फॉर्म द्यायची शेवटची तारीख नेमकी तीच होती. अक्का हो म्हणाली. तिच्यापुढे दुसरं काय होतं?

आत्या दादांची थोरली बहीण. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, आणि या दोन गोष्टी आपण कष्टानं मिळवल्यासारखी वागणारी. तिनं जन्मात तोंडाला काही लावलं नसेल. पण श्रीमंताच्या घरी जन्मलेला माणूस काटकसरीवर जसा हक्कानं बोलतो, तशी ती रंगावर बोलायची. तिचे सगळे नुस्खे म्हणे एका जागीरदाराच्या देवडीतून, म्हणजे वाड्यातून आलेले. त्यामुळे ती उटणं म्हणत नसे, उबटन म्हणायची, आणि प्रत्येक उबटनाला मानाचं नाव असायचं: बेगमी, दरबारी, खासगी. हरभऱ्याच्या पिठात दूध कालवलं की बेगमी. मसुरीची डाळ दह्यात वाटली की दरबारी. आमच्या घरी याच दोन्हींचं पिठलं आणि आमटी होत असे, पण त्यांना कुणी कधी दरबारी म्हटलं नव्हतं. त्या देवडीत आत्या किती वेळा गेली होती हे मी पुढे दादांना विचारलं. एकदा, म्हणाले, तूप पोचवायला, आणि तेही मागच्या दारानं.

तिचं सगळं शास्त्र स्वयंपाकघरातून निघालेलं होतं आणि ते ऐकताना बिनतोड वाटायचं. भातात लिंबू पिळलं की भात पांढरा होतो, म्हणून लिंबू. चिंचेनं तांब्याचा हंडा लखलखतो, म्हणून चिंच. दूध पांढरं, साय पांढरी, दही पांढरं. जे पांढरं ते पांढरं करणारच. चहा काळा, म्हणून चहा बंद; वांगं काळं, गूळ काळा, तेही बंद. हंड्याला कातडी नसते आणि भाताला चेहरा नसतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आत्या स्वतः दिवसातून सहा कप चहा प्यायची आणि तिच्या रंगावर त्याचा काही परिणाम दिसत नव्हता. हे मी एकदा बोलून दाखवलं. उत्तर म्हणून मला दुपारभर गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांची राखण करायला बसवलं.

परवा माझ्या पुतण्याच्या मुलीनं मोबाइलवर मला असाच एक नुस्खा दाखवला. चकचकीत ओट्यामागे उभी राहिलेली एक बाई वाटीत तांदळाचं पीठ, कॉफी आणि मध कालवत होती, आणि सात दिवसांत काय होईल ते सांगत होती. आत्यानं पंधरा मागितले होते. एवढी प्रगती झाली म्हणायची. मी हसले तर पोरगी म्हणाली, आजी, सगळं नॅचरल आहे. मी तिला म्हटलं, धोतराही नॅचरलच असतो. तिला धोतरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळे माझा मुद्दा वाया गेला.

पहाटे कच्चं दूध, न्याहारीनंतर चिंच, दुपारी लिंबू आणि मध, संध्याकाळी सायीत कालवलेली हळद आणि पीठ, असा क्रम होता. शेवटचा लेप वाळून तडकेपर्यंत अक्कानं बोलायचं नाही, हसायचं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच, पण बोलायची बंदी तिला जड जायची. ती भिंतीला टेकून पुस्तक वाचत बसायची आणि पानावर पिवळे पापुद्रे पडायचे. एका संध्याकाळी रजियाखाला वर आल्या. अक्काकडे बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं की हे काय काय लावलंय. मी यादी सांगितली: दही, हळद, लिंबू. खालांनी पदर तोंडाला लावला.

"बेटा, ये तो हम गोश्त कू लगा को रखते," त्या म्हणाल्या. "गलने के वास्ते."

लेपाच्या आत अक्का हसली आणि सगळा चेहरा तडकला. आत्यानं नव्यानं लेप चढवला आणि खालांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की देवडीतल्या गोष्टी शिंप्याच्या घरात कशा कळणार. खालांची आजी आयुष्यभर एका देवडीत कामाला होती. तिथल्या बायका तोंडाला काय लावतात हे त्यांना विचारलं असतं तर आमची पुष्कळ साय वाचली असती. पण माहीत असलेल्या माणसाला विचारायचं नसतं, हा आमच्या घराण्याचा जुना नियम.

हे सगळं वाटायचं काम मायकडे होतं. आत्या सांगायची आणि माय पाट्यावर बसून वाटायची. अक्काचा रंग सरळसरळ मायचा होता. नाक दादांचं, उंची दादांची, रंग मायचा. घरात हे प्रत्येकाला दिसत होतं आणि कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. आत्या अक्काचा हात उजेडात धरून म्हणायची, हा रंग कुठून आला देव जाणे, आमच्या घरात तर असं कुणी नाही. ते मायच्या समोर, दोन हातांवर चाललेलं असायचं. माय वरवंटा थांबवत नसे. डाळ आणखी बारीक हवी का, एवढंच विचारायची. मला त्या वेळी ती मंद वाटायची. बारा वर्षांच्या पोरीला गप्प बसणारी माणसं मंदच वाटतात.

पंधराव्या दिवशी सकाळी आत्यानं अक्काला दारात, उजेडात उभं केलं. अक्का गोरी झाली नव्हती. ती पिवळी झाली होती. गालांवर, कपाळावर, कानांच्या मागं, मानेच्या घडीत, नखांच्या कडांना हळद मुरून बसली होती. लग्नाच्या हळदीनं नवरी पिवळी होते, पण ती एका दिवसाची. ही पंधरा दिवसांची, सायीत मुरवलेली. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणे अकराच्या गाडीनं येणार होते, आणि समोर उभ्या पोरीला कुणीही बघितलं असतं तर आधी वैद्याचं नाव काढलं असतं. कावीळ आहे असं लासूर स्टेशनला एकदा पसरलं की संपलंच.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरी कुंकू विकत आणत नसत. ते दर वर्षी आत्याच करायची, आमच्याच गच्चीवर. दळलेल्या हळदीला लिंबू आणि खार चढवायची, हातानं मळायची आणि सावलीत वाळवायची. पिवळ्याचं लाल होताना बघायला आम्ही पोरं गोल करून बसायचो. आत्याचं कुंकू पिशोरपर्यंत जायचं. तिच्यासारखा रंग कुणाच्या हाताला येत नाही असं बायका म्हणायच्या. हळदीला खार लागला की काय होतं, हे आमच्या नात्यागोत्यात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण ते ज्ञान परातीतल्या हळदीपुरतं होतं. गालावरची हळद तिच्या लेखी वेगळी जात होती. ती बेगमी होती.

तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि फडताळातून पापडखाराचा डबा काढला. खारानं तेलकट भांडं निघतं, कापडाचा मळ निघतो, मग हळद कुठं राहील. मायनं पाट्यावरून मान वर केली. "वन्सं, हळदीला खार..." एवढंच ती म्हणाली. आत्यानं हात झटकला, तू वाटायचं बघ म्हणाली, आणि गरम पाण्यात कालवलेला खार फडक्यानं अक्काच्या गालावर चोळला.

गाल लाल झाला. लाजल्यावर होतो तसा नाही, कुंकवासारखा. आत्याला वाटलं गालावर लाली चढली, म्हणून तिनं आणखी चोळलं, आणि कपाळही लाल झालं. मग ती घाबरून लिंबू घेऊन धावली. लिंबानं पुन्हा पिवळं झालं आणि खारानं सोललेल्या कातडीवर ते असं झोंबलं की अक्का पंधरा दिवसांत पहिल्यांदा ओरडली. झोंबणारं लिंबू धुवायला घरचा साबण लावला, तर पुन्हा लाल. अर्ध्या तासात अक्का तीनदा लाल आणि दोनदा पिवळी झाली. हे सगळं रसायनशास्त्राच्या नियमाला धरूनच चाललं होतं. घरात नियम पाळणारं तेवढं एकच कुणीतरी होतं, आणि ती हळद होती.

ओरडणं ऐकून रजियाखाला जिना चढून आल्या. त्यांनी आत्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि अक्काला मोरीवर बसवून नुसतं गार पाणी ओतत राहिल्या. "बस करो आपा," त्या म्हणाल्या. "बच्ची का मुँह है, देगची नै."  आत्याच्या नशिबानं उत्तर द्यायला वेळ नव्हता. खाली टांगा थांबल्याचा आवाज आला होता. घाईघाईनं तिनं अर्धा डबा पावडर अक्काच्या तोंडावर थापली, त्यामुळे झालेल्या रंगाला नाव देता येईना, आणि तिला निळी साडी नेसवली.

पाच माणसं आली. मुलगा, त्याचे आईवडील, मामा आणि एक कुणी जाणकार, जे अशा प्रत्येक कार्यक्रमात असतात. पाचही जण अक्काइतकेच सावळे होते, मामा तर तिच्याहून दोन छटा पुढे. पण पुरुषाच्या रंगाला उन्हातान्हातल्या कष्टाचा रंग म्हणतात आणि मुलाच्या आईच्या रंगाला काहीच म्हणत नाहीत. मायनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. तो फार चांगला झाला होता. मला अजून त्यातल्या शेंगदाण्याच्या कुटाची चव आठवते, कारण त्या दिवशी धड झालेली ती एकच गोष्ट. जाणकारांनी अक्काला नाव, शिक्षण आणि आवडता देव विचारला. मग मुलाच्या आईनं तिला जवळ बोलावलं, पदराचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि तिच्या गालावरून फिरवलं. पावडर किती आणि पोर किती हे बघायची ती रीत होती. दुसऱ्यांच्या मुली बघायला जाऊन आत्यानं स्वतः कित्येक गालांवर असा पदर फिरवला होता, आणि त्याच्या गोष्टी आम्हाला रंगवून सांगितल्या होत्या.

पदर जिथून फिरला तिथं पावडरीखाली लाल-पिवळा पट्टा उघडा पडला, कडेनं कातडी निघालेला. बाई जरा मागं सरकल्या. हे काय झालं, असं त्यांनी विचारलं. आत्या लगबगीनं म्हणाली, उन्हाचं हाय, लई नाजूक कातडी. दादा मान हलवत होते. एवढ्यावर ते निभावलं असतं. अक्का मान खाली घालून बसली होती. तिनं मान वर केली नाही. खाली बघतच बोलली, पण अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"उन्हाचं नाय. पंधरा दिवस हळद लावली, अन् ती निघंना म्हणून सकाळी पापडखार. मला गोरी करायलेत."

मुलाच्या वडिलांचा चमचा बशीत थांबला. मुलगा आपल्या हातांकडे बघायला लागला. त्याच्या आईनं ओला पदर पिळून मांडीवर ठेवला आणि अक्काकडे नीट पाहिलं.

"मग झालीस का?"

"नाय," अक्का म्हणाली.

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. सुशीला मात्र सगळ्यांनी संपवला. जिना उतरताना मुलाचे वडील दादांना म्हणाले, पोरगी हुशार हाय, पण एवढी हुशारी आमच्या घरात मावायची नाय. मी कठड्याशी उभी राहून ऐकलं. स्वतःच्या घराचं इतकं अचूक माप सांगणारा माणूस मी नंतर फारसा पाहिला नाही.

टांगा गल्लीच्या तोंडाशी वळला आणि दादा वर आले. ते रागावले की उर्दूत जायचे. त्या दिवशी ते बराच वेळ उर्दूतच होते. मराठीत आले तेव्हा एवढंच म्हणाले, की करार मोडला. मुद्दाम बिघडवायचं नाही असं ठरलं होतं, तिनं बिघडवलं. आता सही नाही, ट्रेनिंग नाही. आत्या कोपऱ्यात बसून सांगत होती की लासूर स्टेशनला आता तिला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिचं तोंड अजून पहिल्याइतकंच गोरं होतं, त्यामुळे मला तिची काळजी वाटली नाही. अक्कानं एकदाच म्हटलं, मी खरं तेच बोलले. दादा म्हणाले, तुला कुणी खरं विचारलं होतं?  ती खोलीत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला.

माय स्वयंपाकघरातून आली. हात धुतले होते तरी बोटं पिवळीच होती. पंधरा दिवस वाटत तीच होती ना. दादांच्या समोर ती कधी उभी राहून बोलत नसे. त्या दिवशी बोलली, आणि आवाज डाळ बारीक हवी का विचारण्याचाच होता.

"तो रंग माझा हाय. वन्संनी माझ्याकडूनच वाटून घेतलं, माझाच रंग खरडायला. मी वाटलं. पोरीनं लावून घेतलं, रडली नाय. तुमचं सगळं आम्ही केलं. आता तुम्ही तुमचं करा."

आत्यानं तोंड उघडलं, तर माय तिच्याकडे न बघताच म्हणाली, वन्सं, चहा ठेवलाय. त्यात काही अपमान नव्हता, आणि आत्या उठून चहा घ्यायला आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ती गेली. पुढे ती सगळीकडे सांगायची की आणखी आठ दिवस मिळाले असते तर मालनचं सोनं झालं असतं. नंतर दोन मुलींना तिनं उजळवायला घेतलं असं कानावर आलं. दोघींची लग्नं झाली, आणि तिनं ती आपल्या नावावर घेतली.

दादा खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली मशीन चालू झालं होतं. मग त्यांनी चष्मा मागितला, टाक मागितला, आणि अक्काला हाक मारून कागद आण म्हणाले. नुसती सही करून उठणं त्यांना जमलं नाही. कारकून माणूस, कोरा रकाना दिसला की हात थांबत नसे. नाव, गाव, जात, जन्मतारीख, मॅट्रिकचे गुण, सगळं ते ओळीनं लिहीत गेले, मोठ्या वयात शिकलेल्या त्या जपून काढलेल्या अक्षरात. अक्का समोर पाटावर बसली होती, पावडर धुतलेल्या, जागोजागी सोललेल्या तोंडानं. एका रकान्याशी ते अडले. अंगावरील ओळखीची खूण. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.  दादांनी चष्मा नाकावर खाली घेतला, थोडे पुढे वाकले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या पंधरा दिवसांत तो चेहरा सगळ्या घरानं रोज चारदा उजेडात धरून पाहिला होता. मग त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं: डाव्या भुवईच्या वर तीळ.

"हा कवापासून हाय?" त्यांनी विचारलं.

"जन्मापासून," माय आतून म्हणाली.